सगळ्या गावाची एकच फाईल

सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच मनगट पुढं करतो, नाहीतर गुडघेदुखीवर काय घ्यावं ते विचारतो. मी नाडी बघत नाही आणि सुईही टोचत नाही म्हटलं की त्याचं तोंड उतरतं. "मग तुम्ही करत काय होता?" मी कागद सांभाळत होते. आजारी माणूस बरा होऊन घरी जातो, किंवा बरा न होता वर जातो; दोन्ही वेळी त्याचा कागद मागं राहतो. हे मागं राहिलेले कागद ज्या खोलीत ठेवतात ती रेकॉर्ड रूम, आणि त्या खोलीत बसणारी बाई म्हणजे मी. संपादकांनी पत्रात 'थरारक अनुभव' असे शब्द घातलेत. त्यांनी रेकॉर्ड रूम बघितलेली नसावी. तरी एक थरार माझ्याकडं आहे, तो सांगते. दवाखाना आमच्या जिल्ह्यातलाच, पण कुठला ते सांगणार नाही. पेन्शन अजून चालू आहे.

आधी आमचा धंदा समजून घ्या. पेशंट आला की खिडकीवर केसपेपर काढतो, त्यावर नंबर पडतो. आत भरती झाला की त्या नंबरची फाईल होते. ताप किती होता, औषध कुठलं दिलं, कुठलं मानवलं नाही, सगळं तिच्यात. पुढच्या खेपेला त्यानं जुना केसपेपर दाखवला की तीच फाईल शोधून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची. डॉक्टर बदलून जातात, पेशंट विसरतो, कागद तेवढा विसरत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण आठवडी बाजाराच्या दिवशी खिडकीपुढं अख्खा बाजार उभा असायचा आणि खिडकीवरचा माणूस नाव-गाव न विचारता नुसता नंबर उतरून घेऊन पुढच्याला हाक मारायचा. या घाईचं काय फळ निघालं तेच सांगायचं आहे.

आमच्या खोलीत लाल कापडातली गाठोडी छतापर्यंत रचलेली होती आणि त्यांची यादी नव्हती. यादी होती ती बब्रुवानमामांच्या डोक्यात. मामा आधी वॉर्डात होते, कंबर धरली म्हणून त्यांना रेकॉर्डला टाकलं. पेशंटचं नाव त्यांना कधी आठवायचं नाही, पण पेशंट आठवायचा. "ती कावीळवाली बाई ना, नवऱ्याला शिव्या देणारी? खिडकीकडनं तिसरं गाठोडं, मधी बगा." आणि तिथंच सापडायची. मामा रजेवर गेले की दवाखान्याची स्मृती रजेवर जायची.

साल त्र्याऐंशीच्या आसपासचं. विद्यापीठानं नोकरीतल्या माणसांसाठी अर्धवेळ पदविका काढली: दवाखान्याची माहिती कशी ठेवावी, रोगांचे कोड कसे घालावेत, फायली कशा लावाव्यात. दोन वर्षं, दर शनिवार-रविवार सोलापूरला वर्ग. परिपत्रक आल्यावर आमच्या ऑफिसातल्या सगळ्या पुरुषांना एकदम घरच्या जबाबदाऱ्या आठवल्या. रविवार कोण घालवणार? मी हात वर केला. मला कागदांची आवड होती असं नाही. दवाखान्यात रेकॉर्ड कीपरची कायम पोस्ट मंजूर होणार होती आणि तिला ही पदविका लागणार होती. मी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर होते. दर बाराव्या महिन्यात नवी ऑर्डर येईपर्यंत मी घरी बसायचे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आबांनी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण मला कॉलेजातून काढलं नाही. आमच्या बौद्धवस्तीतली पहिली बी.ए. मी. ती पोस्ट मला हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. आजही सांगताना लाज वाटत नाही.

वर्गाला आम्ही अकरा जण होतो. शिकवणारे सर लष्करी दवाखान्यातून निवृत्त झालेले. मिशा, बूट आणि वेळ, तिन्ही कडक. "एक माणूस, एक नंबर, एक फाईल," हे ते दर तासाला म्हणायचे. "जवान मेला तरी नंबर मरत नाही!" मी वहीत लिहून घ्यायचे आणि येताना एसटीत पाठ करायचे. रोगांच्या कोडांचं पुस्तक मांडीवर असायचं. त्या जाडजूड पुस्तकात बर्फावरून घसरून पडलेल्याची सोय होती. आमच्याकडं येणाऱ्या माणसाची नव्हती. आमचा माणूस आजार सांगताना म्हणायचा, "भानामती झालीया," नाहीतर "पाटलाच्या बैलाची नजर लागलीया." मी एकदा सरांना विचारलं, भानामतीला कोड कुठला? सर म्हणाले, "सरवदे बाई, लष्करात हा आजार नसतो." मग मीच वहीच्या मागच्या पानावर आमच्या जिल्ह्यापुरती कोडांची यादी केली. तिच्यात सासू हे कारण सात वेळा आलं होतं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. आपल्या दवाखान्यातली एक मोठी फाईल घ्यायची, त्या पेशंटचा सगळा इतिहास तारीखवार लावायचा, कोड घालायचे आणि तोंडी परीक्षेत समजावून सांगायचा. मी हौसेनं सगळ्यात जाड फाईल मागितली. मामांनी दोन्ही हातांनी उचलून आणली. नंबर २२१७. वरचं नाव गणपत, गाव येडशीच्या आत दोन कोसांवरचं. गावाचंही नाव सांगत नाही. तिथली माणसं वाचतात.

पंधरा दिवस बसून मी गणपतची तारीखवार यादी केली आणि डोकं गरगरलं. बहात्तरला ताप, बेशुद्ध, नंतर बरा. पुढच्या वर्षी गोवर. त्याच्या पुढच्या वर्षी मोतीबिंदू. मग हायड्रोसीलचं ऑपरेशन, आणि तीन महिन्यांनी बाळंतपण, मुलगी, वजन चांगलं. मग पुन्हा बाळंतपण. मग विंचू चावला, त्याच दिवशी दातही काढला. मी आपली शिस्तीनं एकेकाला कोड घालत गेले. शिकणाऱ्या माणसाला प्रश्न पडत नाहीत, कोड पडतात. यादी सरांपुढं ठेवली. सरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हा तुमचा पेशंट सात महिन्यांचा गरोदर असताना त्याच्या प्रोस्टेटची तपासणी झालीय."

"हो सर. फाईलमध्ये आहे."

"सरवदे बाई, ही यादी तुम्ही एसटीत बसून रचली आहे. तोंडी परीक्षेपर्यंत हा माणूस खरा असल्याचा पुरावा आणा, नाहीतर प्रकल्प रद्द."

मी रागानं परत आले आणि सगळा राग मामांवर काढला. मामा शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, "ताई, ती एकाची फाईल थोडीच हाय? सगळ्या गावाची हाय ती."

"म्हणजे?"

"गुणाचा नंबर हाय त्यो."

तेव्हा उलगडा झाला. दुष्काळात गणपत तलावाच्या कामावर तापानं पडला. गावानं आशा सोडली होती, बैलगाडीत घालून आणताना सरपणाचीही चौकशी करून ठेवली होती. आठवड्यानं तो चालत परत गेला. गावानं ठरवलं की डॉक्टरचा हात असेल-नसेल, हा नंबर गुणाचा आहे. तेव्हापासून गावात कुणाला काही झालं की गणपतच्या घरी जायचं, त्याचा केसपेपर मागून घ्यायचा, खिडकीवर दाखवायचा, बरं होऊन परत नेऊन द्यायचा. गणपत आमच्यातला. त्याच्या घरचा पाण्याचा तांब्या गावात कुणी तोंडाला लावत नव्हतं. त्याचा केसपेपर मात्र पाटलाच्या देवघरातसुद्धा जाऊन आला होता. मी हसले खरी, पण नीट हसू आलं नाही.

मग मी फाईल पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि मधल्या एका पानावर लाल शाईत लिहिलेलं दिसलं: 'पेनिसिलिन देऊ नये. जिवावर बेतले होते.' खाली सही, चार वर्षांपूर्वीची, मार्गशीर्षातली तारीख. डॉक्टर केव्हाच बदलून गेलेले. वाचकांसाठी सांगते: पेनिसिलिन तेव्हा आमच्याकडं मोठं औषध. पण एखाद्याला ते मानवत नाही. सुई दिल्या दिल्या घसा सुजतो, श्वास कोंडतो, माणूस हातातून जातो. अशा माणसाची फाईल लाल करून ठेवतात. इथं फाईल लाल होती, पण माणूस कोण? त्या गावातल्या कुणातरी एकाला ती सुई मारणार होती आणि आम्हाला ते बाई की बुवा हेसुद्धा माहीत नव्हतं. पदविका वगैरे माझ्या डोक्यातून गेली असं म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात होत्या आणि दोन्हींचा काटा एकाच गावात मोडलेला होता.

तोंडी परीक्षा शनिवारी अकराला. शुक्रवारी सकाळी मामांना घेऊन मी गावात पोचले. दूध संस्थेपुढं सगळं गाव किटल्या घेऊन उभं होतं. संस्थेचे चेअरमन अण्णा खुर्चीत बसलेले, पांढरं धोतर, गळ्यात जाड गोफ. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की एका नंबरवर एकच माणूस पाहिजे.

अण्णा म्हणाले, "बाई, ह्या संस्थेत सभासद सोळा हायेत आन् दूध घालतंय सगळं गाव. ज्येचा नंबर न्हाय त्यो शेजाऱ्याच्या नंबरावर घालतो. कुनाचं काय आडलंय?"

"अण्णा, तुमच्या घट्ट दुधात शेजाऱ्याचं पाणीदार दूध पडलं तर फॅट कुणाची लागते?"

"दोगांची मिळून लागती. त्येलाच सहकार म्हणतेत."

लोक हसले. मला राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. एवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. आमाला आदी हे सांगा, तीन-चार वर्सं झाली, तुमच्या दवाखान्यात आमाला सुई का देत न्हाईत? नुसत्या गोळ्या! दुसऱ्या गावाला सुया देतेत."

आमच्याकडं सुईशिवाय उपचार म्हणजे अक्षता न टाकता लग्न. मी लगेच फाईल उघडून लाल अक्षरं दाखवली. "ह्याच्यामुळं. तुमच्यातल्या एकाला ती सुई चालत नाही, आणि फाईल एकच, म्हणून डॉक्टर कुणालाच देत नाहीत. तो एक सांगा, बाकी सगळ्यांना सुई."

गावाचा सहकार त्या क्षणी मोडला. सगळे एकमेकांकडं संशयानं बघायला लागले. "तूच असशील, तुला शिंका येतेत." "मी का? मला तर लहानपनी दोन सुया दिल्या हुत्या, इचार आईला!" कुणी कबूल होईना, कबूल होणाऱ्याची सुई जन्माची बंद. गणपतबाबा तेवढे पुढं आले. वाकलेले, पांढऱ्या दाढीचे, कोटाच्या खिशात तो घड्या पडलेला केसपेपर. हळू आवाजात जय भीम घालून म्हणाले, "लेकी, माज्या नावावर लिव. म्या आता कितीक जगनार? ह्या सगळ्यांला सुई मिळंल."

मी म्हटलं, "बाबा, नाव तुमचं लिहिलं तर मरणारा दुसराच मरेल." त्यांनी केसपेपर परत खिशात घातला. अण्णा मात्र केव्हाचे गप्प होते, ते माझ्या ध्यानात आलं नाही. मामांच्या आलं. मामा माझ्या कानाशी लागले, "ताई, आता आठवलं. पोरगी हुती. जीव आल्यावर पहिली रडली ती बांगड्यासाठी. नाडी बगायला आमी तिचा नवा चुडा फोडला हुता."

मी बायकांकडं वळून विचारलं, चार वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, गावात कुणाचा चुडा भरला होता? बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले आणि एकदम सगळ्यांना घरची कामं आठवली. मीही बाईच आहे; मला उत्तर मिळालं. तासाभरानं अण्णांच्या गोठ्यामागं त्यांची बायको मला भेटली. शेणाचे हात तसेच, डोळे भरलेले.

"आमची सुनंदा हो ती. पंदरा दिसांवर लगीन हुतं. तिला सुई चालत न्हाय म्हणून कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. खोट निगाली म्हणतेत लोक. ह्यांनी तोंड बांदायला लावलं समद्यांचं, पोरीला बी शपथ घातली. मुरुमला दिलीया. आता सातवा महिना हाय तिला." आणि कनवटीचं पोस्टकार्ड माझ्या हातात दिलं. सुनंदाच्या दिरानं लिहिलेलं: सर्व खुशाल, सुनंदाच्या पायाला मोठं गळू झालं आहे, ताप आहे, शनिवारी डॉक्टरकडे नेऊन सुई देणार, काळजी नसावी.

गळू आणि ताप म्हणजे त्या काळी सुई कुठली, हे मला पुस्तक न उघडता माहीत होतं.

येडशीच्या पोस्टातून मुरुमला, सुनंदाच्या सासरजवळच्या आडत दुकानात, अर्जंट ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला तेव्हा पलीकडून कुणीतरी तुरीचा भाव सांगत होता. मी ओरडून 'पेनिसिलिन' म्हटलं, तर त्यानं तो शब्द तीनदा परत विचारला आणि असा माल आपण ठेवत नाही म्हणून फोन ठेवला. मुरुमकडं जाणारी गाडी निघून गेली होती. पुढची शनिवारी पहाटे.

शनिवारी स्टँडवर गेले तर अण्णा आधीच गाडीत बसलेले. चेअरमन माणूस, पण पायात दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या वहाणा. तुळजापूरला रस्ते फुटतात. एक सोलापूरला जातो, एक नळदुर्गावरून उमरगा-मुरुमकडं. शेजारीच सोलापूरची गाडी उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. घड्याळात आठ वाजले होते. बसले असते तर दहाच्या आत पोचले असते. प्रकल्पाची वही माझ्या पिशवीतच होती.

अण्णा माझ्याकडं वळले. "बाई, तुमची परीक्षा हाय म्हणं. तुमी जावा. म्या जातो की मुरुमला, माजी पोरगी हाय."

"तिथं जाऊन काय सांगाल?"

अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "सोयऱ्यांदेखत हाय... काडतो कायतरी मार्ग. बगू."

त्या 'बगू'नं मी उठता उठता खाली बसले. सोलापूरची गाडी निघून गेली. मला रडू आलं आणि ते लपवायला मी खिडकीकडं तोंड केलं. अण्णांना वाटलं मला गाडी लागते, म्हणून त्यांनी खिशातून लिंबू काढून दिलं. नळदुर्गापर्यंत मी ते लिंबू हातात धरून त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते.

मुरुमच्या डॉक्टरांकडं बाकड्यावर सुनंदा बसलेली होती. पाय भोपळ्याएवढा सुजलेला, तरी वडलांना बघून हसली. शेजारी तिची सासू, ठसठशीत कुंकू, मोठा आवाज. अण्णा हात जोडून म्हणाले, "राम राम विहीणबाई. पाऊसपानी काय म्हणतंय?" सासू म्हणाली, पाऊस कुठला. मग ज्वारी झाली. मग म्हैस झाली. मग कुणाच्या तरी बारशातली जेवणावळ. मी अण्णांना कोपर मारलं, ते जरा सरकून बसले. आत स्टोव्हवर पाण्यात सिरिंज उकळत असल्याचा आवाज मला ऐकू येत होता. अण्णांनाही येत असावा, कारण ते जास्तच मोठ्यानं म्हशीबद्दल बोलत होते.

आतून कंपाउंडरनं हाक दिली, "सुनंदा, या."

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी अण्णा उठले होते. तो दणकट माणूस दाराच्या चौकटीत आडवा उभा राहिला आणि संस्थेच्या सभेत बोलतात तशा आवाजात म्हणाला, "थांबा. माज्या पोरीला ती पेनिसिलिनची सुई चालत न्हाय. मरता मरता वाचलीया ती लग्नाआदी. म्या लपवलं तुमच्यापसनं, विहीणबाई. पोरीचा दोष न्हाय, दोष माजा. आता काय म्हणायचं ते मला म्हणा."

बाकड्यावरची सगळी माणसं ऐकत होती. एकानं तर नीट ऐकू यावं म्हणून आपल्या खोकणाऱ्या पोराचं तोंड दाबलं. सासूनं अण्णांकडं बघितलं, सुनंदाकडं बघितलं. सुनंदानं मान खाली घातली होती.

"एवडंच व्हय?" सासू म्हणाली. "मला बी चालत न्हाय. माज्या बापानं बी सांगितलं न्हवतं."

हे खरं होतं की सुनेला सांभाळून घ्यायला तिनं जागच्या जागी रचलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. तिची फाईल माझ्याकडं नव्हती. अण्णा चौकटीतच खाली बसले. डॉक्टरांनी गळू फोडलं, दुसऱ्या गोळ्या दिल्या आणि सासूला सक्त ताकीद दिली, दोघींच्या कागदावर लाल शाईनं लिहून. सासू कागद उलटसुलट बघत म्हणाली, "आता सुई न्हाय तर न्हाय, पन गोळ्या तरी मोठ्या द्या." मी पिशवीतल्या प्रकल्पाच्या वहीचं कोरं पान फाडून सुनंदाला तेच मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि पाठ करून घेतलं. तोवर अकरा वाजून गेले होते.

रविवारी सोलापूरला जाऊन सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी उभे राहिले आणि म्हणाले, "सरवदे बाई, तुम्ही बरोबर केलंत." मला जरा आशा वाटली. मग त्यांनी हजेरीपट माझ्याकडं फिरवला. "पण गैरहजर ती गैरहजर. रेकॉर्ड खोटं होणार नाही." लष्करी माणूस, त्यांना नमस्कार केला आणि जिन्यात येऊन पोटभर रडले. तोंडी परीक्षा पुढल्या वर्षी दिली, पहिली आले. मधल्या वर्षात रेकॉर्ड कीपरची पोस्ट बाहेरून आलेल्या एका सज्जन गृहस्थांना मिळाली. ते सात वर्षं माझे साहेब होते आणि फाईल कशी लावतात ते त्यांना मी शिकवलं. त्याचं वाईट वाटत नाही असं लोकांना सांगत आले. वाटतं.

आठवडाभरानं त्या गावची माणसं नवे नंबर घ्यायला आली, पण अट घालून. नव्या नंबराला गुण कुठला? प्रत्येकाचा कोरा केसपेपर आधी गणपतबाबांच्या हातात द्यायचा, त्यांनी कपाळाला लावायचा, मग खिडकीवर. बाबा दिवसभर बाकड्यावर बसून कागद कपाळाला लावत होते. पाटलाच्या वाड्यातल्या बायकांनीही त्यांच्या हातून कागद घेतले, आणि दुपारी एकीनं त्यांना पाणी आणून दिलं, स्वतःच्या तांब्यातून. त्या दिवशी गावातल्या जवळपास सगळ्यांनी सुई घेतली. कुणाला काही झालेलं नव्हतं, पण तीन-चार वर्षांची बाकी होती.

तीनेक महिन्यांनी दुपारी खिडकीशी सुनंदा उभी राहिली. पदराखाली दुपट्यातलं बाळ, मागं अण्णा आणि मोठ्या आवाजाची सासू, दोघंही भांडत, बाळ कुणावर गेलंय म्हणून. बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मी विचारलं, बाळाला काय होतंय?

"काय न्हाय. केसपेपर पायजे त्याचा."

"नाव काय घालू?"

"नाव न्हाय अजून. बारसं सोमवारी हाय, आत्यानं काय ते ठरवलं न्हाय. नाव मागनं घाला, बाई. आदी नंबर द्या. त्याचा एकट्याचा."

मी कोरा केसपेपर घेतला. नावाच्या जागी 'सुनंदाचा मुलगा' लिहिलं आणि वर नंबर घातला, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. सुनंदानं तो दोनदा पुटपुटून पाठ केला. मग दुपटं बाजूला सारून बाळाच्या कानाशी वाकली आणि हळूच तो नंबर सांगितला.

माझ्या मागून बब्रुवानमामा म्हणाले, "कुर्र!"